कपाळावरचे पणजोबा

कुरिंगा, दक्षिण ऑस्ट्रेलिया
एप्रिल १९८८

ती. मर्टलताईस,

धाकट्या लेस्टरचा, गुडघे वाकू देतील तेवढं वाकून नमस्कार. (उजवा गुडघा हल्ली अजिबात वाकत नाही, तेव्हा नमस्कार जरा डावीकडे कललेला आहे, सांभाळून घे.) तुझी तब्येत कशी आहे? नवी कवळी बसली का? होबार्टच्या थंडीत ती टाळ्याला गार लागते असं तू नाताळच्या कार्डात लिहिलं होतंस, ते वाचून बेरिल इतकी हळहळली, की तिने लगेच तुझ्यासाठी लोकरीचं काहीतरी विणायला घेतलं. ते कवळीसाठी आहे की डोक्यासाठी, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. भावोजींना नमस्कार सांग. आम्ही इकडे खुशाल आहोत. बेरिलच्या कंबरेचं ऑपरेशन चांगलं झालं. माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते जास्त आहे आणि माझ्या मते डॉक्टरांना मोजता येत नाही. माश्या यंदा इतक्या आहेत, की परवा मी प्रार्थनेत तोंड उघडलं तेव्हा 'आमेन' पूर्ण होईपर्यंत त्यात तिघी-चौघी सामील झाल्या होत्या.

आता मुद्द्यावर येतो. (आयुष्यभर मेंढ्यांचे लिलाव पुकारलेला माणूस मुद्द्यावर पटकन येत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.) इंग्रजांची पहिली जहाजं इथे लागली त्याला धरून यंदा देशाला दोनशे वर्षं झाली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. गावोगावी समित्या झाल्या, तशी आपल्याकडेही झाली, आणि अध्यक्ष म्हणून माझी निवड झाली. बिनविरोध झाली, कारण त्या बैठकीला मी आणि पाद्री टॉपलिस असे दोघेच होतो, आणि पाद्रीबुवांना झोप लागली होती. नंतर समिती वाढली. पबवाला क्लॅरी बूट आला. (तू त्याला शाळेत शाईत बुडवला होतास, तोच.) व्हर्नामावशीही आल्या. तू गाव सोडलंस तेव्हा त्या गावाबाहेरच्या मूळनिवासींच्या वस्तीत राहायच्या आणि त्यांना हॉलमध्ये मागच्या दाराने यावं लागायचं. आता दोनदा नगरपरिषदेवर निवडून आल्या आहेत आणि सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं. पहिल्याच बैठकीत मी म्हणालो, "आपल्या देशाला दोनशे वर्षं झाली," तर त्या विणकामातून मान वर न करता म्हणाल्या, "कुणाच्या देशाला, लेस्टर?" मी ते इतिवृत्तात 'किरकोळ चर्चा' या सदराखाली घातलं.

पोस्टासमोरच्या चौकात पुतळा उभारायचा, हा ठराव मी मांडला. कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. आपल्या होरेस पणजोबांचा! बाबा रविवारच्या जेवणाला ती गोष्ट सांगायचे, आठवते ना? कॅप्टन होरेस पेंगेली, एकटा वीर, मिठाच्या तळ्यांचं वाळवंट तुडवत आला, पक्ष्यांच्या थव्यावर नजर ठेवून त्याने पाणी शोधलं, त्या पाण्याला पेंगेलीची विहीर नाव पडलं, आणि त्या विहिरीमुळे कुरिंगा वसलं. गोष्ट संपली की बाबा सुरी ताटात ठेवून छाती फुगवून सांगायचे, की आपल्या राज्यात विलायतेतून कैद्यांची जहाजं कधी आलीच नाहीत, इथे सगळे आपापल्या तिकिटाने आले. (तू टास्मानियातल्या मुलाशी लग्न ठरवलंस तेव्हा त्यांनी तीन दिवस अन्न सोडलं होतं, 'त्या बेटावर कुणाच्या रक्तात काय असेल सांगता येत नाही' म्हणून. भावोजींना हे पत्र दाखवणार असशील तर एवढा भाग बोटाने झाक. पुढेही काही ठिकाणी बोट लागेल.)

पुतळ्याचा ठराव मी मांडला तेव्हा सगळे गप्प बसले. मला वाटलं, भारावले असतील. क्लॅरी घसा खाकरून म्हणाला, त्याऐवजी उंटाचा पुतळा केला तर? वाळवंटात खरं काम उंटांनीच केलं. पाद्रीबुवांनी कारंजं सुचवलं. गावात पाण्याची टंचाई असताना कारंजं! मी दोघांनाही लिलावाच्या आवाजात झोपवलं. व्हर्नामावशी एवढंच म्हणाल्या, "लेस्टर, तुला नक्की हाच हवा?" मी म्हणालो, हाच. "बरं बाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात वर केला. बाकीच्यांनीही केले. ते हात किती हळूहळू वर गेले होते, हे मला आता आठवतं.

पुतळा करायचं काम बेरिलच्या भाच्याला दिलं. डिग्बी एरवी पाण्याच्या गळक्या टाक्यांना डाग देतो, पण त्याला कलेची ओढ आहे. पंचाईत अशी झाली, की होरेस पणजोबांचं एकही चित्र घराण्यात नाही. तेव्हा डिग्बीने मलाच समोर बसवलं. खोटी दाढी लावून, हातात दुर्बीण म्हणून बेरिलचं लाटणं धरून मी त्याच्या शेडमध्ये कितीतरी दुपारी बसलो. पुतळा उत्तम झाला. फक्त त्याला माझं नाक आलं, माझं पोट आलं, आणि डिग्बीने तो गुडघाही तसाच ताठ ठेवला. खालच्या दगडावर मी स्वतः मजकूर दिला: 'कॅप्टन होरेस पेंगेली. याने या भूमीत पाण्याचा शोध लावला.' अनावरण शनिवारी ठरलं. ॲडलेडहून मंत्री येणार होते.

आणि त्याच्या आदल्या रविवारी दुपारी, लोकांच्या मनात इतिहासाची गोडी निर्माण व्हावी म्हणून, मी हॉलमध्ये एक खेळ ठेवला. कल्पना माझीच. दुसऱ्या कुणावर ढकलता आली असती तर मी हे पत्र एवढं लांबवलं नसतं.

खेळाचं नाव 'ओळखा मी कोण'. आपल्या इतिहासातल्या एखाद्या धाडसी व्यक्तीचं नाव दुसऱ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं आणि तुमच्या कपाळाला चिकटवायचं. सगळ्या हॉलला दिसतं, फक्त तुम्हाला दिसत नाही. तुम्ही प्रश्न विचारायचे, लोकांनी नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. (कुरिंगात आजवर कुणी 'हो' किंवा 'नाही' म्हणून थांबल्याचं उदाहरण नाही, हे मी नियम करताना विसरलो.) हॉल भरला होता. पत्र्याचं छप्पर तापलेलं, बायकांनी मटण भरलेल्या पेस्टी आणि खोबऱ्यात घोळवलेले केक आणलेले, मागे चहाचा बंब फुसफुसत होता. आनंदीआनंद होता, ताई.

पहिले पाद्रीबुवा. त्यांनी विचारलं, "माझा चर्चशी काही संबंध?" लोक म्हणाले, हो. पाद्रीबुवा प्रसन्न झाले. "मी प्रवचनं द्यायचो?" हो, हो. "लोक मला मानायचे?" हो! पाद्रीबुवा इतके खुलले, की त्यांनी डोळे मिटून विचारलं, "आणि शेवटी मला शांत मरण आलं?" मागून कुणीतरी ओरडलं, "नाही, फासावर!" ते कॅप्टन मूनलाइट निघाले, आधी चर्चमध्ये प्रवचनं देणारे आणि नंतर दरोडे घालणारे. पाद्रीबुवांनी एक केक घेतला आणि ते खुर्ची भिंतीकडे वळवून बसले.

मग क्लॅरी. त्याने ऐटीत विचारलं, "मी जहाजातून या अख्ख्या खंडाला वळसा घातला का?" हो. "म्हणजे मी कप्तान!" नाही. "खलाशी?" अं... नाही. "मी दारू प्यायचो?" नाही. "जहाजावर असून? मग मी काय करायचो?" हे हो-नाहीत बसत नव्हतं, पण पहिल्या रांगेतून उत्तर आलं, "उंदीर पकडायचास." तो कप्तान फ्लिंडर्सचा ट्रिम नावाचा बोका होता. क्लॅरीने चिठ्ठी काढून वाचली आणि म्हणाला, "आणि मी इतका वेळ पोट आत घेऊन उभा होतो!"

व्हर्नामावशी उभ्या राहिल्या तेव्हा सगळे सावरून बसले, कारण त्या कुठलाही खेळ जिंकायच्याच तयारीने खेळतात. हात कंबरेवर ठेवून त्यांनी विचारलं, "मी वाट चुकले?" हो. "इथल्या लोकांनी मला मासे आणून दिले, खायला घातलं?" हो. "मी त्यांच्यावरच पिस्तूल झाडलं?" हो. "आणि मग उपाशी मेले?" हो. "बर्क," मावशी म्हणाल्या, म्हणजे वाळवंट ओलांडायला निघालेला तो नामांकित संशोधक, आणि चिठ्ठी न बघताच खाली बसल्या. टाळ्या थांबल्यावर शेजारणीला म्हणाल्या, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा बेताने, "पिस्तुलाचं विचारावं लागलं. त्याआधी चार-पाच जण बसत होते."

आणि मग मी. माझ्या कपाळाला चिठ्ठी क्लॅरीने लावली. लावताना त्याने मला डोळा मारला आणि कानात म्हणाला, "एका प्रश्नात सुटशील, लेस." मी हॉलकडे वळलो. सगळे माझ्या कपाळाकडे बघून प्रेमाने हसत होते. जत्रेत बक्षिसाच्या मेंढ्याकडे बघतात तसे. मला हुरूप आला. पण एका प्रश्नात संपवण्यात काय मजा? मी ठरवलं, पद्धतशीर जायचं, एकेक शक्यता बाद करत, म्हणजे लोकांना इतिहास शिकायलाही मिळेल.

"मी पुरुष आहे?" हो. "मी आपल्याच राज्यात नाव कमावलं?" हो! "मी संशोधक होतो?"

इथे पहिली गडबड झाली. कुणी हो म्हणालं, कुणी हसलं, बेरिलने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. क्लॅरी म्हणाला, "शोधत होता खरा. पळायला वाट." मी तिथेच ओळखायला हवं होतं, ताई, पण माझं डोकं पद्धतशीर चाललं होतं. मी मनात म्हटलं, अच्छा, म्हणजे हा कुणीतरी लबाड दिसतो! आणि एक शक्यता बाद करून टाकावी म्हणून, हसत हसत, विचारलं, "काय रे, मी कैदी तर नव्हतो?"

"हो," हॉल म्हणाला. एका सुरात. स्तोत्र म्हणतानाही आमचा हॉल कधी एका सुरात येत नाही.

"पळून आलेला?" हो. "टास्मानियातून?" हो, हो. "आणि स्वतःला खोटंच कॅप्टन वगैरे म्हणवून घ्यायचो?" हे मी आपलं असंच विचारलं, कारण असले लोक म्हणवून घेतातच. हो! "मी कुणाचं काही चोरलं?" क्लॅरी उठून उभा राहिला. "आमच्या पणजोबांचं खोगीर," तो म्हणाला. "खोगीर चोरलं आणि घोडा विसरला. पाठीवर खोगीर घेऊन चालत गेला वाळवंटात."

लोक पोट धरून हसत होते. मीही हसत होतो! सगळ्यात मोठ्याने मीच हसत होतो, ताई. असा गमतीदार बदमाश आपल्या भागात होऊन गेला आणि मला, समितीच्या अध्यक्षाला, त्याचं नाव आठवू नये? मी विचारलं, "मग मी तहानेने मरायला टेकलो असेन?"

हसणं हळूहळू ओसरलं. व्हर्नामावशी म्हणाल्या, "हो."

"मला कुणी वाचवलं?"

"हो. माझ्या पणजीने. तेव्हा ती तरुण होती, पाठीशी मूल होतं. तिने तुला मिठाच्या तळ्याच्या काठाला पडलेला पाहिला. उठवून, हाताला धरून पाण्यापाशी नेलं, आणि अगोदर थोडंथोडं पाज, एकदम नको, असं तिच्या बहिणीला सांगितलं. तू बरा झालास. मग भेटेल त्याला सांगत सुटलास, की पाणी मला सापडलं."

आता तू म्हणशील, लेस्टर, एवढं ऐकूनही तुझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला. माणसाचा पणजोबा त्याच्या डोक्यात एका जागी बसलेला असतो आणि तिथून तो हलत नाही. उलट मला संताप आला. खरोखरचा संताप, उपकार विसरणाऱ्या माणसाबद्दल. मी व्यासपीठावर दोन पावलं पुढे आलो, लिलावाचा आवाज लावला आणि भाषण केलं. म्हणालो, असल्या कृतघ्न, खोटारड्या, खोगीरचोर भामट्याचं नाव या खेळात घालायचीच काय गरज होती? ज्या बाईने जीव वाचवला तिचं पाणी स्वतःच्या नावावर करतो? असल्या माणसाला आपल्या इतिहासात थारा देता कामा नये! शनिवारी आपण एका सच्च्या वीराचा पुतळा उभारतोय, आणि हा... हा...

पाद्रीबुवांनी डोळे मिटले होते. बेरिल उठली, काठी टेकत व्यासपीठापाशी आली, आणि माझ्या आईने कधी वापरला नसेल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "लेस, राजा, ती चिठ्ठी काढ."

काढली. क्लॅरीचं अक्षर मोठं आहे. चश्मा लागला नाही.

मी मागच्या स्वयंपाकघरात जाऊन पेस्टीच्या रिकाम्या ट्रेंमागे स्टुलावर बसलो. बराच वेळ कुणी आलं नाही. मग व्हर्नामावशी आल्या, दोन कप चहा घेऊन. एक मला दिला आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या.

"कुणी हे तुला छळायला केलं नाही हां," त्या म्हणाल्या. "तुला जिंकवायचं ठरलं होतं. एवढी मेहनत घेतलीस म्हणून. वाटलं, 'माझ्या नावाची विहीर आहे का' म्हणून विचारेल आणि मोकळा होईल."

"सगळ्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"लेस्टर, तारेवरच्या गुलाबी काकाकुव्यांना माहीत होतं."

"मग इतक्या वर्षांत मला कुणी बोललं का नाही?"

मावशींनी चहात फुंकर घातली. "तू बोलायला लागलास की मध्ये जागा कुठे असते? आणि तुझे बाबा होते तेव्हा आम्हाला आत येऊन बोलायची सोय नव्हती. नंतर तू म्हातारा झालास. वाईट वाटलं असतं तुला."

मला वाईट वाटू नये असं त्यांना वाटत होतं, ताई. मला! मग म्हटलं, मावशी, तुमच्या पणजीचं नाव सांगा. होरेसचं नाव खोडतो आणि तिचं घालतो.

"का?" त्या म्हणाल्या. "म्हणजे तुझ्या त्या दाढीवाल्या पोटाखाली माझ्या पणजीचं नाव? आणि वर कबुतरं? आणि शोध तिनेही नव्हता लावला, बाबा. पाणी होतंच तिथे. आम्ही पीत होतो." कप विसळून ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "तुझा पणजोबा आहे. त्याचं काय करायचं ते तू बघ." आणि गेल्या.

ते दिवस कसे गेले हे बेरिलच सांगेल. मी जेवलो नाही. (पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी कोकराचं मटण होतं.) एकदा वाटलं, अनावरण रद्द करावं, पण मंत्री यायचे होते, मांडव आला होता. एकदा वाटलं, रात्रीतून पुतळा डिग्बीच्या टाकीत बुडवावा. पण तो माझ्याच चेहऱ्याचा, बुडवताना कसंसंच झालं असतं. सगळ्यात जास्त बाबा डोळ्यांपुढे येत. त्यांना माहीत असेल का गं? मला वाटतं, असावं. जी गोष्ट माणूस दर रविवारी सांगतो, तिच्यावर त्याचा स्वतःचाही पुरता विश्वास नसावा. शुक्रवारी सकाळी मी दगड कोरणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, नवा दगड आता मिळणार नाही, मजकूर बदलायचा तर आहे त्यातच काय ते करा. मी पाहिलं, ओळीच्या शेवटी थोडी जागा उरली होती. त्याला म्हटलं, तिथे एक शब्द घाल, त्याच अक्षरात.

शनिवारी मंत्र्यांनी पडदा ओढला. टाळ्या झाल्या. मग पहिल्या रांगेतले लोक वाचायला लागले, आणि टाळ्या पुढून मागे थांबत गेल्या. दगडावर आता असं आहे: 'कॅप्टन होरेस पेंगेली. याने या भूमीत पाण्याचा शोध लावला नाही.'

मी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि सगळं सांगितलं. अडखळलो नाही. होरेस कैदी होता हे सांगितलं, खोगीर सांगितलं, ज्या बाईने त्याचा हात धरला तिच्याबद्दल सांगितलं, आणि आपल्याकडून चार पिढ्या तिचे आभार मानायचे राहिले, ते आज मानतो असं म्हणून व्हर्नामावशींपुढे टोपी काढली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंत्रिमहोदय मात्र ॲडलेडहून भाषण लिहूनच आले होते. ते माझ्यानंतर उठले आणि पंधरा मिनिटं 'एकट्याने पाणी शोधणाऱ्या या निधड्या वीराबद्दल' बोलले. पाठीमागचा दगड त्यांनी वाचला नव्हता. ते गाडीत बसेपर्यंत लोकांनी हसू कसं दाबलं ते लोकांनाच ठाऊक.

मावशी पुतळ्याभोवती एक फेरी मारून आल्या. मग म्हणाल्या, "नाक तुझंच आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "उद्या गाडी काढ."

रविवारी मी, बेरिल आणि मावशी विहिरीवर गेलो. तुला माहितीये, आपण पेंगेली आजवर कुणी त्या विहिरीवर गेलोच नव्हतो? रस्ता खराब म्हणून. ती विहीरसुद्धा नाही, ताई. खडकातली एक भेग आहे, वरून सपाट शिळा झाकलेली, शेजारून गेलं तरी दिसायची नाही. आकाशात पक्षी वगैरे काही नव्हतं. मावशींनी शिळा सरकवायला लावली आणि आत हात घालून पाणी काढलं. गार होतं, जरा लोखंडासारखं लागतं. तिथे सावलीत बसून त्यांनी मला आपल्या पणजीचं नाव सांगितलं, दोनदा उच्चारायला लावलं, दुसऱ्या वेळी जरा बरं जमलं म्हणाल्या. लिहायचं नाही, अशी अट आहे. म्हणून इथे लिहीत नाही. तू इकडे आलीस की तुलाही तिथेच घेऊन जातील असं त्यांनी सांगितलंय. ये. बेरिलही आठवण काढते. भावोजींनाही आण, आता त्यांच्यापुढे मान खाली घालायची पाळी आमची आहे, आणि ती आम्ही आनंदाने घालू.

तुझा,
लेस्टर

ता.क. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. ताई, होरेस पणजोबांना टास्मानियात पाठवलं ते कशाबद्दल, हे तिकडे कुठे कळतं का बघ ना. वाटतं तेवढं हे साधं राहिलेलं नाही. अनावरणापासून गावात उलटीच हवा सुटली आहे. ज्याला त्याला आता घराण्यात कैदी हवा झालाय. क्लॅरीने पबबाहेर 'पळपुट्याचा विसावा' अशी पाटी लावली. पाद्रीबुवांनासुद्धा आईकडून कुणीतरी खोट्या नाण्यांवाला सापडलाय आणि ते प्रवचनात हळूच सांगतात. कैद्यांच्या वंशजांचं मंडळ निघतंय, अध्यक्षपदासाठी मी आणि क्लॅरी उभे आहोत. क्लॅरी म्हणतो, त्याच्या आजीच्या आजोबांनी टपालगाडी लुटली होती, पिस्तूल दाखवून. आता मला गप्प बसता येईना, म्हणून मी पबमध्ये सांगून टाकलं, की होरेसने एका सरदाराचा शर्यतीचा घोडा पळवला होता. तेव्हा कृपया तो घोडाच असेल असं बघ. आणि घोडा नसला तर पत्र बंद पाकिटात घाल, कार्ड नको. पोस्टातली हेझल सगळी कार्डं वाचते.

ता.क. २. मर्टलताई, मी बेरिल. लेस तिकिटं आणायला गेलाय तेवढ्यात लिहिते. त्याने भाषण केलं नाही. ध्वनिक्षेपक हातात घेतला, "हा माझा पणजोबा," एवढं म्हणाला आणि रडायला लागला, लहान मुलासारखा. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मग मावशी वर गेल्या, त्याचा हात धरला आणि बाकीचं त्यांनी सांगितलं. सगळं गाव उभं होतं. त्याला खरंच वाटतंय की आपण बोललो, आणि गावात कुणी त्याला खोडून काढत नाही. तुम्हीही काढू नका.

ता.क. ३. बेरिलने काय लिहिलंय ते ती दाखवत नाही, पत्र पाकिटात घालून छातीशी धरून बसली आहे, म्हणून हे वेगळ्या चिठोऱ्यावर. विणकामाचं असेल. ताई, आत्ताच क्लॅरी भेटला. त्याच्या बहिणीने होबार्टला कुणालातरी विचारलं म्हणे, आणि होरेसने चीजचा अर्धा गड्डा चोरला होता असं कळलं. अर्धा! निदान तो गड्डा अख्खा होता असं तरी कळव.